समोरच्याची पाटी

इतिमादनं वडिलांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की या माणसाच्या डोक्याला आपण जन्मात पहिल्यांदाच हात लावतो आहोत. सी मफद्दलच्या डोक्यावर कायम मुंडासं नाहीतर जलाब्याचा, म्हणजे पायघोळ झग्याचा टोप. बाकी गावानं त्याची जरब बघितली, दाढी बघितली, हातातली ऑलिव्हची छडी तर पाठीवर खाल्ली. पण मुंडाशाखालचे केस लहान मुलाच्या जावळासारखे विरळ झालेत, हे पोटच्या पोरीलाही ठाऊक नव्हतं.

"हे काय चोळतेस? अंडं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"जेल आहे, बा. डोक्यातली लहर तारेपर्यंत पोचायला लागतं."

"आमच्याकडे अंडं चोळतात. लहर जाते की नाही ठाऊक नाही, पण केस तरी राहतात."

काचेपलीकडे बसलेली जिहान खुदकन हसली. जिहान ही इतिमादच्या हाताखाली शिकणारी तेतुआन शहरातली मुलगी, आणि शहरातल्या मुलींना डोंगरातल्या म्हाताऱ्यांचं सगळंच गमतीचं वाटतं. इतिमाद मात्र हसली नाही. वडिलांच्या विनोदाला न हसण्याची तिनं स्वतःला सवय लावून घेतली होती. वर्षं झाली त्याला.

विद्यापीठातल्या त्या खोलीत चालायचं काम सांगायला सोपं होतं, करायला किचकट. माणूस मनात एखादी गोष्ट बघतो तेव्हा त्याचे डोळे काय करतात? समोर रिकामा राखाडी पडदा असतो. त्याला सांगायचं, तुझं स्वयंपाकघर आठव. तो आठवतो, आणि नसलेल्या चुलीकडे, नसलेल्या खिडकीकडे त्याची नजर आपोआप वळते. पडद्याखालचा कॅमेरा ती टिपतो. डोक्याच्या मागच्या बाजूला एक संथ लाट चाललेली असते. मनात चित्र उभं राहिलं की ती मोडते, आणि टोपीच्या तारा ते सांगतात. मनात उजेड बघितला तर डोळ्याची बाहुली बारीकसुद्धा होते, जणू खराच उजेड डोळ्यांवर आला.

विभागाच्या प्रमुख तोरीसबाईंना एक कल्पना सुचली होती. या डोंगरात अल्लाहचा सगळा कलाम तोंडपाठ असलेली माणसं गावोगाव आहेत. लहानपणी ते लाकडी पाटीवर शिकले. पाटीला पांढरी माती फासायची, वाळवायची, जळक्या लोकरीच्या शाईत बोरू बुडवून रोजचा भाग लिहायचा, पाठ झाला की धुऊन टाकायचा आणि पुन्हा माती फासायची. आज त्यांना मनातल्या मनात तो भाग म्हणायला सांगितलं तर त्यांचे डोळे त्या कधीच्या धुतल्या गेलेल्या पाटीवर फिरतात का? फिरत होते. उजवीकडून डावीकडे, ओळीखाली ओळ, अगदी शिस्तीत. छापील पानांवरून शिकलेल्या तरुणांचे डोळे पानावर फिरायचे, म्हाताऱ्यांचे पाटीवर. तोरीसबाई हरखून गेल्या होत्या आणि आणखी म्हातारे आणा म्हणून इतिमादच्या मागे लागल्या होत्या.

"तुझे वडीलच आहेत ना फकीह? घरात विहीर असून गावभर पाणी कसलं शोधतेस?"

फकीह होते. गावच्या मशिदीत नमाज पढवायचे आणि शेजारच्या मक्तबात पोरांना पाठ द्यायचे. पण घरातल्या त्या विहिरीत इतिमादनं वाकून बघणं सोडलं होतं.

याला कारण हाशिम. इतिमादचा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा, हसरा, एका जागी न टिकणारा. एका धुक्याच्या पहाटे फनीदकच्या किनाऱ्यावरून तो आणखी तिघांबरोबर पाण्यात उतरला, पोहत सबत्याला, किनाऱ्यालगतच्या युरोपी शहरात, जायचं म्हणून. पलीकडे युरोप, अलीकडे आपण, मधे एक लोखंडी बांध आणि त्याला वळसा घालणारं पाणी. तिघं परत आले. हाशिमची कपड्यांची पिशवी तेवढी आली, आत बूट, बुटांत मोजे नीट घडी करून. मोज्यांची घडी घालणारा पोरगा परत येणार असतो, असं इम्मा, त्यांची आई, म्हणत राहिली. पहिलं वर्षभर. नंतर तिनंही म्हणणं सोडलं.

मग इम्मानं नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. पोराच्या नावानं पाठ बसवा. गावात कुणी गेलं की तालिबांना, म्हणजे पाठ म्हणणाऱ्यांना बोलावतात, सगळे गोल बसून कलाम म्हणतात, मग कुसकुस वाढतात, जाणाऱ्याची वाट सोपी होऊ दे म्हणून हात वर करतात. सी मफद्दल आजूबाजूच्या सात गावांत अशा पाठाला जायचा. दारुड्यांसाठी गेला, भाऊबंदकीत सुरे चालवलेल्यांसाठी गेला. स्वतःच्या पोरासाठी नाही. "पाठ मेलेल्यांसाठी असतो," एवढंच बोलायचा आणि उठून जायचा. इम्मा शेवटच्या दुखण्यात अंथरुणावरून हात धरून पुन्हा तेच मागत होती. त्यानं हात सोडवून घेतला आणि अजान द्यायला गेला. ती गेली. तिचा पाठ मात्र यानं रीतीप्रमाणे केला, तिसऱ्या दिवशी आणि चाळिसाव्या दिवशी.

त्या दिवसापासून इतिमाद वडिलांशी कामापुरतं बोलत होती. रडणं नाही, पोराचं नाव नाही, एक ब्रही नाही. हा माणूस आहे की दगड? पाटी धुवावी तसा यानं पोरगा धुऊन टाकला, असं तिनं मनात पक्कं करून ठेवलं होतं, आणि पक्कं केलेल्या रागावर माणूस घर बांधून राहतो. तीही राहत होती.

तरी विचारलं तेव्हा सी मफद्दल लगेच हो म्हणाला होता. किती वर्षांनी पोरीनं काही मागितलं म्हणून असेल. धुतलेला जलाबा घालून, सोबत बडीशेप घातलेली भाकरी आणि बकरीचं ताजं चीज घेऊन तो सकाळच्या जीपनं तेतुआनला उतरला. विद्यापीठाच्या पहारेकऱ्यानं कुठे जायचं विचारलं, तर म्हणाला, "माझ्या डोक्यात काय आहे ते बघायला बोलावलंय. काही निघालं तर तुलाही देईन."

"हनुवटी इथं टेकवा," इतिमादनं सांगितलं. "मी ज्या भागाचं नाव घेईन तो मनात म्हणायचा. ओठ हलवायचे नाहीत. संपला की बटण दाबायचं."

"ओठ न हलवता? पोरं असं करतात तेव्हा मी छडी मारतो."

"आज सूट आहे."

ती काचेपलीकडे जाऊन बसली. तिच्या पडद्यावर वडिलांची नजर म्हणजे एक लाल ठिपका होता. तो ठिपका उजव्या कोपऱ्यात वर गेला आणि ओळीमागून ओळ उतरू लागला. दुसऱ्या भागालाही तसाच. तिसऱ्याला, चौथ्याला तसाच. सुंदर, बिनचूक नजर. डोक्यामागची लाट अशी मोडत होती, की जिहाननं शीळ घातली. "या वयाला इतकं लख्ख दिसतं? मला तर सकाळचा नाश्ता आठवत नाही."

इतिमाद फोनवर तोरीसबाईंना उत्तर देत होती, म्हणून पाचव्या भागाकडे तिचं लक्ष नव्हतं. म्हातारा संपवून उठला, बेसिनवर वाकला, जिहाननं त्याचं जेल धुऊन केस पुसून दिले. "देव तुला चांगला नवरा देवो," म्हणाला. "चांगली नोकरी मागा, फकीह," ती म्हणाली. "ती मिळाली की नवऱ्याची गरज उरत नाही," म्हाताऱ्यानं ठणकावलं. मग लेकीकडे वळून थोडं थांबला. ती तारा गुंडाळत होती. "मी निघतो," तो म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी जिहान कागद घेऊन आली. "चार भाग सोनं आहेत. पाचवा फेकावा लागेल."

"का?"

"उलटा आहे सगळा. डावीकडून उजवीकडे, खालून वर. बहुतेक डुलकी लागली असेल. नाहीतर तुझे बा त्या भागापुरते खाली डोकं वर पाय करून बसले होते."

इतिमादनं बघितलं. खरंच उलटं. ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होत होता, उजवीकडे जात होता, मग एक पायरी वर. आणि प्रत्येक ओळ संपली की एकदम वर उडी, पडद्याच्या पार वरच्या काठाशी. तिथं क्षणभर थांबून परत खाली. हे कसलं वाचन? आपल्या लिपीत असं कुणी वाचत नाही. गणकयंत्राला तर त्यांनीच शिकवून ठेवलं होतं, की उजवीकडून डावीकडे जाईल ती नजर पाटीवरची, उरलेला सगळा केर.

"बाहुलीचंही विचित्र आहे," जिहान म्हणाली. "वर उडी मारली की दर वेळी बारीक होते. उजेडाकडे बघितल्यासारखी. खोलीत तर अंधार होता."

"फेकून दे," इतिमाद म्हणाली. मग कोण जाणे का, म्हणाली, "थांब. त्यांच्याकडून परत करून घेऊ. शुक्रवारी मी गावी जाते."

शुक्रवारी ती गेली. मक्तबाचं दार उघडं होतं. बाहेर भिंतीला धुतलेल्या पाट्या उन्हात टेकवलेल्या, ओल्या मातीचा वास. आत चटईवर पोरं डुलत होती, प्रत्येक जण आपापल्या भागाच्या नावानं ओरडत होता, आणि त्या गोंगाटात सी मफद्दल भिंतीला टेकून बसला होता. डोळे मिटलेले, पण कुणी एक शब्द चुकला की छडी बरोबर त्याच्याच गुडघ्यावर.

इतिमाद उंबऱ्याशी थांबली. एक पोरगी पाटी घेऊन पुढे आली. तिनं पाटी स्वतः आणि फकीह यांच्या मधे चटईवर आडवी ठेवली, आपल्याकडे सुलटी, आणि मान खाली घालून म्हणू लागली. सी मफद्दलचं बोट तिच्या शब्दांबरोबर पाटीवर सरकू लागलं. तो समोर बसला होता. त्याच्या बाजूनं पाटी उलटी होती. बोट त्याच्या डाव्या हाताकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघालं, उजवीकडे गेलं, मग एक ओळ वर.

ओळ संपली, तसे त्यानं डोळे उचलून पोरीकडे बघितलं. बरोबर म्हणाली म्हणून पोरीनंही मान वर केली आणि दात पडलेल्या तोंडानं हसली. "पुढे," तो म्हणाला.

इतिमादनं दाराची चौकट धरली.

चार भाग तो स्वतःच्या पाटीवर वाचत होता, लहानपणीच्या. पाचवा त्याच्या पाटीवर नव्हताच. तो समोर बसलेल्या कुणाच्या तरी पाटीवर होता. आणि जे बसलं होतं त्याच्या पाठीमागे उजेड होता. या खोलीत उजेड येतो एकाच बाजूनं, दारातून. दारात पाठ करून कोण बसायचं हे गावात कुणालाही विचारा. 'पळायला बरं' म्हणून दार अडवून बसणारा पोरगा एकच होता, आणि त्यावरून रोज बोलणी खायचा.

पाचवा भाग कुठला होता हेही तिला आता आठवलं. हाशिमचा सगळा कलाम पाठ होत आला होता. तेवढा भाग आणि त्यापुढचा थोडासा राहिला होता. तो झाला की पाटीवर रंगीत नक्षी काढून, पोराला घोड्यावर बसवून गावभर मिरवायचं म्हणून इम्मानं कोंबड्या वाढवून ठेवल्या होत्या. मशिदीत रोज संध्याकाळी सगळे मिळून एकेक भाग म्हणतात आणि महिन्याभरात कलाम पुरा होतो. तो भाग महिन्यातून एकदा यायचा. त्या रात्री बा जेवायचा नाही. पोट बिघडलंय म्हणायचा. इम्मा बिचारी बैसाऱ्याच्या कढणाला दोष द्यायची, वाल नीट शिजले नाहीत म्हणून.

पोरं जुम्म्याच्या नमाजीआधी अंघोळीला घरोघरी पांगली. इतिमाद आत आली आणि चटईवर बसली, दाराकडे पाठ करून. सी मफद्दलनं तिच्याकडे बघितलं आणि डोळे बारीक केले. मग नजर बाजूला नेली.

"तिथं नको बसू," तो म्हणाला. "इकडे ये."

"बा, तुमच्या नजरेत हाशिम आहे."

बाहेर कुणीतरी गाढवाला शिव्या देत गेलं.

"तुझ्या यंत्रानं चुगली केली?" तो अखेर म्हणाला. आवाजात राग नव्हता.

"मला वाटत होतं तुम्ही त्याला विसरलात." तिनं चटईची एक काडी उपटली. "इम्मा गेली तेव्हा मला वाटलं, तुमच्या आत काही नाहीच. इतकी वर्षं मी तुम्हाला शाप दिलेत, बा. मनातल्या मनात, रोज."

"चांगलं केलंस. कुणीतरी द्यायला हवे होते." त्यानं छडी मांडीवर आडवी ठेवली. "तुझं यंत्र त्याला बघू शकतं का गं?"

"नाही. तुमचे डोळे बघतं फक्त. दर ओळीला तुम्ही वर बघता. क्षणभर."

"क्षणभर," तो म्हणाला. "हो. तेवढ्यात कळतं, की नाही केली."

"काय नाही केली?"

"मान वर."

मग त्यानं सांगितलं. तुटक तुटक, पोरांना पाठ देताना थांबतो तसं मधे थांबून. आदल्या संध्याकाळी हाशिम एका ओळीवर अडत होता. पुन्हा पुन्हा तिथंच. मन थाऱ्यावर नव्हतं, आणि म्हणाला, बा, हे राहू दे, मला जायचंय. कुठं जायचंय हे मी विचारलंच नाही, सी मफद्दल म्हणाला. मला वाटलं खेळायला. चेंडूच्या नावानं मरायचा ना. छडी आपटली मी. म्हटलं, ही ओळ बिनचूक होईपर्यंत मान वर करायची नाही. खाली बघ. खालीच बघत राहा. तो वाकला. मी मगरिबच्या नमाजीला निघून गेलो. परत आलो तर पाटी होती, तो नव्हता.

"मी त्याला शेवटचं बघितलं तेव्हा त्याची फक्त टाळू बघितली, इतिमाद. चेहरा नाही. आता तो भाग आला की तो येऊन बसतो, तिथंच, दारात. अडतो, पुन्हा म्हणतो. मी वर बघतो, आता करेल, आता करेल. करत नाही. मी सांगितलंय ना. मोठा आज्ञाधारक झालाय." तो हसल्यासारखा झाला. "अशा बसलेल्या पोराचा पाठ कसा घालू? तुझी आई म्हणायची घाला. कसा घालू? तो मेलेला नाही, तो पाटीवर वाकलाय."

इतिमादनं इतकी वर्षं जो राग जपला होता तो असा हातातून पडला, की त्याचे तुकडेही गोळा करता येऊ नयेत. तिनं चटईवरून सरकत जाऊन वडिलांचा हात धरला. यावेळी त्यानं तो सोडवून घेतला नाही.

"मग सांगा त्याला," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हीच खाली घालायला लावली ना मान? तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

सी मफद्दलनं पोरांच्या वाळणाऱ्या पाट्यांकडे बघितलं. "इथं नाही जमणार मला," तो म्हणाला. "इथं पोरं असतात. छडी असते. तुझा तो राखाडी पडदा बरा. नुकती माती फासलेल्या पाटीसारखा आहे. तिथं बसव मला."

तो सोमवारी आला, भाकरी आणि चीज न घेता. इतिमादनं टोपी चढवली आणि यावेळी जेल भरताना तो काही बोलला नाही. तिनं हनुवटी टेकवून दिली. उगाचच एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग काचेपलीकडे जाऊन तिनं पाचव्या भागाचं नाव घेतलं.

ठिपका खालच्या डाव्या कोपऱ्यात उगवला आणि उजवीकडे निघाला. ओळ संपली. वर. बाहुली बारीक. परत खाली. दुसरी ओळ. वर. खाली. जिहाननं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, इतिमादकडे बघितलं आणि मिटलं. तोरीसबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

पाटीच्या मध्याच्या थोडं वर एका ओळीवर ठिपका अडला. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आला, पुन्हा तिथंच अडला. पुन्हा आला. काचेपलीकडे म्हाताऱ्याच्या हाताची बोटं मांडीवर वळली होती.

ओठ हलवायचे नाहीत, असा नियम होता. सी मफद्दलनं ओठ हलवले. खोलीतल्या छोट्या माइकमधून त्याचा आवाज इकडे आला, मक्तबातला नाही, इतिमादनं कधी न ऐकलेला.

"हाशिम. राहू दे आता. आली नाही तर नाही आली, बाळा. मान वर कर."

ठिपका वर गेला. पार वरच्या काठाशी, जिथं दार होतं. बाहुली बारीक झाली. इतिमाद ठिपका खाली येण्याची वाट बघत राहिली. तो आला नाही. पाटी तिथंच राहिली, ओळ तिथंच राहिली, लाल ठिपका वर एका जागी थांबला, आणि मग अगदी हळूहळू, बोटभर जागेत फिरू लागला. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, मधे, खाली. हे काय असतं ते या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. माणूस चेहरा बघताना असाच बघतो. दोन डोळे, आणि तोंड.

जिहान रडत होती. तिला का ते ठाऊक नव्हतं.

सी मफद्दलनं बटण दाबलंच नाही. इतिमाद आत गेली तेव्हा तो हनुवटी टेकवून तसाच बसला होता, पडद्याकडे बघत.

"बा?"

"केली," तो म्हणाला.

ती त्याच्या पायाशी खाली बसली. "दिसला?"

"दिसला. रागावलेला नव्हता गं." त्यानं हनुवटी टेकूवरून काढली. "केस ओले होते त्याचे. सगळे ओले. पाणी गळत होतं पाटीवर."

मग तो म्हणाला, "तालिबांना सांगावा धाड. येत्या शुक्रवारी. कुसकुस तू कर, तुझ्या आईसारखं, कांदा-मनुका घालून. त्याला आवडायचं."

"हो, बा."

"तो भाग मीच म्हणेन. आता अडणार नाही."

जिहान बादली आणि टॉवेल घेऊन आली, पण इतिमादनं ते तिच्या हातून घेतलं. तिनं वडिलांना बेसिनशी वाकवलं, कोमट पाण्यानं त्यांच्या डोक्यावरचं जेल धुतलं, कानामागचं, मानेवरचं. मग खुर्चीवर बसवून टॉवेलनं ते विरळ केस पुसू लागली. तो मुकाट्यानं मान खाली घालून बसला होता.

"झालं का?" थोड्या वेळानं त्यानं टॉवेलखालून विचारलं.

"थोडं राहिलंय," ती म्हणाली.

केस केव्हाच कोरडे झाले होते. पण आता त्यानं मान वर केली असती तर तिचा चेहरा त्याला दिसला असता, म्हणून ती पुसत राहिली.